कोरी सुई

पाकीट फाडल्याचा आवाज झाला तशी राजेश्रीनं आरशावरची नजर काढून मागं बघितलं.

गंगाखेडच्या स्टँडामागच्या त्या पार्लरात तिच्या परमनंट भुवया नुकत्याच कोरून झाल्या होत्या. बाळंतपणानंतर पार विरळ झालेल्या भुवया आता काळ्याभोर, कमानदार दिसत होत्या. कडा सुजल्या होत्या आणि रक्ताचे बारीक ठिपके वर येत होते. ते कापसानं टिपत ती मनोमन खूश होत होती. खुर्चीवर आता पार्लरवाल्या चंदाची लेक अपेक्षा आडवी झाली होती. बारावीची परीक्षा संपली, म्हणून तिलाही तशाच भुवया हव्या होत्या.

चंदानं नवे हातमोजे घातले. मशीनमधली सुई, जी आताच राजेश्रीच्या कपाळावरून फिरली होती, ती काढली आणि स्पिरिटच्या वाटीत सोडली. वाटीत आधीच दोन-तीन सुया पडलेल्या होत्या. मग पाकिटातली कोरी सुई तिनं उजेडात धरून नीट बघितली आणि मशीनला लावली.

राजेश्री त्या वाटीकडं बघतच राहिली. आपल्या वेळी पाकीट फाडलं होतं का, हे ती आठवू लागली. तेव्हा डोळे मिटलेले होते, मलमानं कपाळ बधिर झालं होतं. मशीनची घरघर आठवत होती. चंदानं सांगितलेली तिच्या भाचीच्या लग्नातली सगळी भांडणंही आठवत होती. पाकिटाचा आवाज मात्र काही केल्या आठवेना.

"चंदाताई, माझ्या टायमाला बी नवीच सुई लावली व्हती ना?"

चंदाचा हात थांबला. आपण सुया स्पिरिटनं साफ करूनच वापरतो, आजवर कुणाला काही झालं नाही, उगं भ्यायचं काम नाही, असं ती बोलत राहिली. राजेश्रीकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

राजेश्रीनं वाटीतल्या सुईकडं बोट केलं. "मंग माझ्याआधी ती कुणाला लावली व्हती?"

"लय बाया येतेत, ताई. कुणाकुणाचं ध्यानात ठिवू?"

अपेक्षा खुर्चीवर उठून बसली आणि आईच्या तोंडाकडं बघू लागली.

तेवढ्यात पडदा सरकला. राजेश्रीच्या सासूबाई, भिवराबाई, इतका वेळ बाहेर बाकड्यावर नातवाला घेऊन बसल्या होत्या, त्या आत आल्या.

"घे बाई याला. भुकेजलंय, कवाचं रडायलंय."

आईला बघताच लेकरू दोन्ही हात पसरून झेपावलं. राजेश्रीचे हातही आपसूक पुढं झाले. बोटांवर कापसातून उतरलेलं रक्त होतं.

तिनं हात आखडते घेतले आणि पाठीमागं नेले.