निघण्याआधी बसायचं असतं

पायपंप मारून मारून झाखारच्या पोटऱ्यांत गोळे आले, तरी तायाचे वडील सावेलिच म्हणत होते, "अजून मार." होडीचे दोन्ही लांबट रबरी फुगे टम्म झाले, तेव्हा त्यांनी एकेकावर टिचकी मारून कान लावला, कलिंगड घेताना लावतात तसा. मग नळ्यांचा सांगाडा, त्यावर डोलकाठी, डोलकाठीला तिन्ही बाजूंनी तारा. एक तार सैल निघाली. झाखारने ती निमूटपणे पुन्हा आवळली.

निमूटपणे, हे महत्त्वाचं. झाखार धंद्याने केस कापणारा. जीभ चालल्याशिवाय त्याची कात्री चालत नसे. पण आज तायाने त्याला बजावूनच आणलं होतं. बाबांना बडबड खपत नाही, आणि बाबा हो म्हणाल्याशिवाय आपलं लग्न नाही. आधीचे दोघे याच ओनेगा सरोवरावर, याच होडीपाशी नापास झाले होते. तेही कशात, तर बसण्यात.

निघण्याआधी घडीभर गप्प बसायचं, ही रीत रशियात कोण पाळत नाही? पण लोक क्षणभर टेकतात नि उठतात. सावेलिच बसले की बसले. थोरला उठेपर्यंत कोणी बोलायचं नाही. बोललं की प्रवास गेला. पहिला पोरगा म्हणाला, डास फार आहेत. दुसरा नुसतंच "बापरे" म्हणाला. दोन्ही वेळा सावेलिचनी शीड उतरवलं, डोलकाठी काढली, हवा सोडली, फुगे पुसून वाळवून पिशवीत कोंबले आणि पाहुण्याला संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं.

होडी आता गुडघाभर पाण्यात तरंगत होती. तिचा दोर सावेलिचनी स्वतः काठावरच्या पाइनच्या मुळाला बांधला. ती गाठ दुसऱ्या कोणी मारायची नाही, असा घरचा कायदाच होता. वल्ही, सुकाणू, तंबू, माशाच्या कालवणाचं पातेलं, सगळं काठावर मांडलेलं होतं. सामान चढवायचं ते बसून झाल्यावरच, ही आणखी एक तऱ्हा. "चला, बसू या," ते म्हणाले. तिघंही फुग्यांवर बसले. सावेलिचनी टोपी डोळ्यांवर ओढली. तायाने मान खाली घातली.

झाखारच्या नाकावर डास बसला. त्याने त्याला पोटभर पिऊ दिलं. आणि मग त्याला दिसलं की पाइन मागे मागे जातंय. गाठ सुटली होती.

आता आली का पंचाईत! बोलावं तर ताया गेली, न बोलावं तर कालवण गेलं. वल्ही तर कधीच गेली होती. शीड गुंडाळलेलं होतं, पण वाऱ्याला त्याचं काय? तो नुसत्या डोलकाठीला धरून होडी आत आत ढकलत होता. झाखारला वाटलं, खाकरावं. पण खाकरणं बोलण्यात धरतात का, हे विचारायचं तर बोलावंच लागणार. तिकडे काठावर एक कावळा आला आणि पातेल्याच्या झाकणाशी खटपट करू लागला. झाखारला अगदी रडू यायचं बाकी राहिलं. पण ताया गेल्यावर ते कालवण घशाखाली उतरलं असतं का? त्याने ओठ दातांत धरले आणि बसून राहिला.

पाइन काडीएवढं झालं तेव्हा कुठे सावेलिच उठले. त्यांनी टोपी मागे सारली.

"दोर सुटला," झाखार एका दमात म्हणाला.

"ठाऊक आहे. सुटताना टोपीखालून बघत होतो मी," सावेलिच म्हणाले. "पण बसलेलं मधेच मोडायचं कसं?"

तायाने मान वर केली. आपणही केसांच्या बटांआडून मघापासून सगळं बघत होतो, असं तिने सांगून टाकलं.

सावेलिचनी झाखारकडे रोखून पाहिलं. "आणि तुला कधी कळलं?"

"सुटला तेव्हाच."

सावेलिचनी त्याचं सुजलेलं नाक न्याहाळलं. मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि फुग्यावर पालथे पडले.

"मग आता बघता काय, जावईबापू? घाला हात पाण्यात."