पॉपीचा पांढरा कंट्रोलर

"शी! पुन्हा तेच!"

स्टमाटिसने गेमचा कंट्रोलर गॅरेजच्या दिव्याखाली धरला. कालपर्यंत चांगला पांढरा होता. आज दोन्ही बाजूंना, जिथे तळहात टेकतात तिथेच, रंगाचा पिवळट चिखल झाला होता. कानातल्या मळासारखा पिवळा. अंगठा लावला तर तार निघाली.

"आग लागो या रंगाला," म्हणत त्याने स्प्रेचा डबा कोपऱ्यात भिरकावला.

शेजारीण डेल्मा उलट्या खोक्यावर बियरचा कॅन घेऊन बसली होती. शाळेची बस चालवून आली की ती इथेच टेकायची. "डब्याचा काय दोष, स्टॅम? परवा प्रायमरला शिव्या घातल्यास. त्याच्या आधी हवेला."

"मग ही काय हवा आहे? पाऊस येत नाही, नुसता घाम काढतोय. या डार्विन शहरात रंग वाळणार तरी कसा?"

"माझ्या फाटकाचा वाळला."

तो पात्याने रंग खरवडायला लागला. चिकट वळकट्या सुटून बोटांना लागत होत्या आणि तो प्रत्येक वळकटीला शी म्हणत होता.

"पॉपी शनिवारी येतेय," तो म्हणाला. "मागच्या सुट्टीत काय म्हणाली ठाऊक आहे? बाबा, तुझ्या घरात सगळंच चिकट आहे, मी कशाला हात लावणार नाही. आणि नाहीच लावला. सोफ्याच्या कडेवर बसून राहिली, आणि आईला फोन करून लवकर ॲडलेडला निघून गेली. निदान ही एक गोष्ट तरी तिला स्वच्छ द्यायची आहे मला."

"तेरा वर्षांच्या पोरीला सगळ्याचीच किळस येते."

"बापाचीही?"

डेल्माने बियरचा घोट घेतला.

उन्हं कलली तशी खारफुटीतून चिलटं आली. स्टमाटिसने खिळ्याला अडकवलेली, चिलटं पळवायच्या फवाऱ्याची बाटली काढली, हातांवर, मानेवर मारली, तळहातांनी खसाखसा चोळली आणि पुन्हा कंट्रोलर उचलला.

"थांब!" डेल्मा ओरडली. "तू रोज असंच करतोस? फवारा चोळून मग त्याला हात लावतोस?"

"नाहीतर काय, चिलटांना जेवायला वाढू?"

"अरे गाढवा! याच फवाऱ्याने माझ्या बसच्या स्टिअरिंगची सालटं निघाली. माझ्या घड्याळाची प्लॅस्टिकची काच आंधळी झाली. हा रंगही खातो आणि प्लॅस्टिकही खातो!"

स्टमाटिसने तळवे नाकाशी नेले, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"म्हणजे घाण माझ्याच हातांची."

"दुसऱ्या कोणाची असणार!"

त्याने बाटली स्वयंपाकघरात हद्दपार केली, कोपरापर्यंत हात साबणाने घासले आणि सगळं पहिल्यापासून केलं. चिलटं चावत होती, तो चावून घेत होता. रंग वाळला. अंड्याच्या कवचासारखा कोरडा, पांढरा.

शनिवारी पॉपी आली. जेवणासाठी दोरीवर वाळत घातलेला ऑक्टोपस पाहून नाक मुरडलं. टेबलावरून बोट फिरवलं आणि ते बोट निरखून पाहिलं. मग धुतलेल्या टॉवेलवर ठेवलेला कंट्रोलर तिला दिसला. मेलेली पाल उचलावी तसा तिने तो दोन बोटांनी उचलला.

"चिकट नाहीये," ती म्हणाली. जरा निराशच झाली असावी.

मागच्या व्हरांड्यात पंख्याखाली दोघं गाड्यांच्या शर्यती खेळले. ती जिंकत राहिली. "बाबा, गाडी हाकतोयस की बैल? बाजूला हो ना म्हाताऱ्या!" स्टमाटिस डोळ्यांत पाणी येईतो हसला.

सूर्य बुडाला. पॉपीने फाडकन गुडघ्यावर चापट मारली. "ई! काय चावतंय हे? शी, काय घाणेरडी जागा आहे तुझी! मी आत जाते."

"आणखी एक शर्यत?"

"खाजतंय, बाबा!"

त्याने एकदा कंट्रोलरकडे पाहिलं. किती पांढरा दिसत होता! मग तो उठला, स्वयंपाकघरातून बाटली आणली, आणि ती लहान असताना करायचा तसं तिच्या पायांना, हातांना, कानांमागे स्वतः फवारलं. "चोळ नीट," म्हणाला. हात धुऊन ये, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण पोरगी उठून आत गेली असती तर परत आली नसती. त्याने ते गिळले.

तिसऱ्या वळणावर ती किंचाळली. "ई! बाबा, हा वितळतोय! माझ्या हाताला लागतोय! श्शी!"

"खेळ गं. पुढे पूल आहे."

तिने चिकट तळवे त्याच्याच शर्टाला खसकन पुसले, पुन्हा शी म्हणाली, आणि खेळत राहिली.

पॉपी परत गेल्यावर डेल्मा बियर घेऊन आली. गॅरेजच्या फळीवर, टॉवेलवर, तो कंट्रोलर होता. दोन्ही बाजूंना पिवळे खड्डे, त्यांत बारीक बोटांचे वळ, आणि वर अंगठ्याच्या रेषा, एकूण एक.

"शी! पुन्हा? स्टॅम, तू सुधारणार नाहीस. आण इकडे, मी खरवडून देते."

तिने हात पुढे केला. स्टमाटिस मध्ये येऊन उभा राहिला.

"बघायचा असेल तर आधी हात धुऊन ये."