नव्या दराचं पहिलं गिऱ्हाईक

“पंधराशे मोजून दिले बाईनं. घासाघीस न्हाई, काही न्हाई.” उजमा दार ढकलून आत आली आणि आवाज दाबून म्हणाली, “सांगितलं होतं ना मॅडम, दर वाढवला म्हणून माणूस पळत न्हाई.”

गीतांजलीचा विश्वासच बसेना. कालपर्यंत ती एका बैठकीचे तीनशे घेत होती. लातुरात क्लासेसच्या गल्लीत, मेडिकलच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या. बाहेर ‘लाइफ कोच’ अशी पाटी. कुणाचं नोकरीत मन लागत नाही, कुणाला संसाराचा वीट आलाय, कुणाला एक निर्णय घ्यायचाय आणि धीर होत नाही. अशी माणसं यायची आणि ती त्यांना वाट शोधायला मदत करायची. पण तीनशे रुपयांत कुणी वेळ पाळत नव्हतं. बरेच जण तर फोनवरच ‘ताई, दोन मिनिटं’ म्हणून तासभर बोलून घेत. ऑफिस सांभाळायला नुकत्याच आलेल्या उजमानं शेवटी हट्ट धरला. पंधराशे घ्या, तेही आधी. ओळखीच्याला सवलत नाही, नात्यातल्याला तर अजिबात नाही. गीतांजलीनं बरेच दिवस हो-नाही केलं. आज सकाळी नवा दर लागला आणि दुपारच्या आत पहिलं गिऱ्हाईक आलं.

“पाठव,” ती म्हणाली. ओढणी सारखी केली. चेहऱ्यावर शांत हसू आणलं.

आत आली ती तिची आई.

“आई? तू? रेणापूरहून एकटीच आलीस? काय झालं?”

“काय न्हाई झालं. बस तू.” कावेरीबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

गीतांजली घाईनं दाराकडे निघाली. “उजमानं तुला कधी पाहिलेलं नाही गं. थांब, पैसे परत द्यायला सांगते.”

“राहू दे पैसे. घरून फोन केला की तू म्हणतीस, ‘आई, क्लायंट बसलेत, नंतर बोलते.’ म्हणून मी क्लायंट होऊन आले. आता तर ऐकशील?”

गीतांजली खुर्चीत येऊन बसली. आईला कसला तरी मोठा आजार निघाला असणार. नाहीतर ही बाई असं कधी करायची नाही. गीतांजली दहावीला असताना वडील गेले. त्यानंतर आईनं अंगणवाडीच्या पगारावर घर ओढलं, लेकीला शिकवलं, उदगीरच्या चांगल्या घरी दिलं. स्वतःसाठी तिनं कधी काही मागितल्याचं गीतांजलीला आठवत नव्हतं.

“दवाखान्याचं काही आहे का?” तिनं भीत भीत विचारलं.

“न्हाई गं. एक माणूस हाय.”

“कसला माणूस?”

“हनुमंतराव. मुदखेडचे. रेल्वेतनं रिटायर झालेत. नांदेडच्या गुरम्मा मावशीनं मला गुडघ्याच्या व्यायामासाठी तिच्याकडं ठेवून घेतलं होतं न्हाई का? व्यायामाला ते बी यायचे. त्यांची मालकीण जाऊन लई वर्षं झाली.” कावेरीबाई लेकीच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, “मला त्यांच्यासंगं राहायचंय.”

या खुर्चीत कितीतरी बायका बसून गेल्या होत्या. प्रत्येकीला गीतांजलीनं पहिला प्रश्न एकच विचारला होता: तुम्हाला स्वतःला काय हवंय? आज तो प्रश्न तिला सुचलासुद्धा नाही.

“या वयात?” ती जवळजवळ ओरडलीच. शिकलेली, घोटलेली भाषा कुठल्या कुठं गेली. “अगं, येडी झालीस का? लोक काय म्हणतील? उदगीरला मी कोणत्या तोंडानं सांगू? आन् बाबांचा फोटो हाय घरात, त्याला काय सांगणारेस?”

बाहेर उजमाचं कुणाशी तरी फोनवर चाललेलं बोलणं थांबलं.

लोक काय म्हणतील. हे वाक्य घेऊनच बायका तिच्याकडे येत. ते ऐकून ती समजुतीनं हसायची, पाण्याचा ग्लास पुढं सरकवायची आणि म्हणायची, लोकांचं जरा बाजूला ठेवू या. आता तेच वाक्य तिच्याच तोंडातून बाहेर पडलं होतं. आपण आईवर ओरडलो याचं तिला वाईट वाटत होतं, आणि तरी एक शब्दही मागं घ्यावासा वाटत नव्हता.

कावेरीबाई रागावल्या नाहीत की रडल्या नाहीत. टेबलावरचा ग्लास त्यांनी स्वतःच उचलला, दोन घोट पाणी प्यायल्या.

“फोटो म्या मुदखेडला नेला,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या मालकिणीच्या फोटोशेजारी लावलाय. खिळा त्यांनीच ठोकला.”

“लावलाय?” गीतांजली बघतच राहिली. “म्हणजे?”

कावेरीबाईंनी लेकीचा हात हातात घेतला.

“लग्न करू का न्हाई, हे इचारायला न्हाई आले, माय. ते मागल्या महिन्यातच झालं. पोरीला कसं सांगावं, ते काही केल्या सुचंना. ते इचारायचे पैसे भरलेत म्या.”