एक क्षण, चाळीस सेकंद

"डोळे नंतर मिटायचे, सर. आधी तुम्ही त्या मुलीचे वडील आहात हे लक्षात ठेवा. आणि साक्षीदारासारखं बसायचं हं, मध्येच हरकती घ्यायच्या नाहीत!"

सर हसले आणि खुर्चीत सैल बसले. चाळीस वर्षं ते विमा कंपनीच्या बाजूने उभे राहत आले होते. आज त्यांची ज्युनिअर त्यांचीच उलटतपासणी घेत होती, कारण उद्या कोर्टात तिला पहिल्यांदाच एकटीने उभं राहायचं होतं. शाळेच्या फाटकासमोर व्हॅनखाली गेलेली पाच वर्षांची मुलगी, आणि स्कूटरला कुलूप लावायला वळलेला तिचा बाप. दोष बापावर ढकलता आला, की कंपनी सुटली.

"मुलीवरून तुमची नजर किती वेळ हटली?"

"क्षणभर."

"मग तो क्षण कोर्टाला दाखवा. डोळे मिटा आणि क्षण संपला की 'झालं' म्हणा."

तिने स्टॉपवॉच दाबलं.

युक्ती सरांचीच. बार रूममध्ये त्यांना 'घड्याळवाले' म्हणायचे ते यावरूनच. मिटल्या डोळ्यांआड माणसाचा क्षण लांबतो, दहा सेकंदांवर सहज जातो. तेवढ्यात चाळीसच्या वेगातली व्हॅन शंभर मीटर पुढे येते. एवढं गणित मांडलं, की निकाल खिशात.

पहिल्यांदा ही युक्ती त्यांनी अशाच एका अपघाताच्या खटल्यात, मूल गमावलेल्या आईवर वापरली होती. दहा सेकंद झाले, वीस झाले. पिंजऱ्यातली ती बाई काही बोलेचना. शेवटी न्यायाधीशच म्हणाले, "पुरे." नोंद झाली: चाळीस सेकंद. सर जिंकले. भावाने कोपराला धरून तिला व्हरांड्यातून नेलं, तेव्हाही तिचे डोळे मिटलेलेच होते.

"पंधरा," ज्युनिअर म्हणाली. "वा सर, साक्षीदार म्हणून अगदी सोन्यासारखे आहात!"

तिने पुन्हा स्टॉपवॉचकडे पाहिलं.

"पन्नास. अहो सर, उद्या तो मला एवढं आयतं थोडंच देणार आहे?"

वर पंखा कुरकुरत होता. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"सर, दोन मिनिटं झाली." तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "हा प्रश्न उद्या विचारायचाय ना मला? 'झालं' म्हणा ना."

"नाही झालं," सर म्हणाले.

त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. उजवा हात खुर्चीच्या बाजूने खाली गेला होता. पंजा अर्धा उघडा, एक बोट किंचित पुढे. पाच वर्षांच्या मुलीला ते धरता यावं, इतकं खाली.

ज्युनिअरच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच होतं.