दहापैकी दहा

सोळा तासांचा बंदोबस्त उरकून ती भर दुपारी घरी आली, तेव्हा बाबा खुर्चीत बसून तिचीच वाट बघत होते. पोलिसांना नेमबाजी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती आणि गेल्या वर्षी डोळेही गेले; शिस्त तेवढी जागच्या जागी होती. परवाच्या नेमबाजीच्या परीक्षेत लेक तिसऱ्यांदा नापास झाली, तर वरिष्ठ तिचं पिस्तूल काढून घेऊन तिला कचेरीतल्या टपाल विभागात बसवणार होते.

बाबांनी करंगळीने चाचपून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून घेतली. "नळीवर नाणं ठेव. दहा वेळा चाप ओढायचा. नाणं पडलं की पुन्हा पहिल्यापासून."

फरशीवर पडलेलं नाणं बाबांच्या कानातून कधी सुटत नसे. आज तिच्या हातांत त्राणच उरलं नव्हतं. तिने हळूच पायाशी जाड रजई अंथरली.

खट्. नाणं रजईवर पडलं, तिने मुकाट्याने उचलून परत नळीवर ठेवलं. खट्. पुन्हा तेच.

"दहा झाले, बाबा. एकदाही पडलं नाही."

"शाब्बास! दहापैकी दहा. जा, पड जरा."

ती ओशाळून रजईची घडी घालायला वाकली.

"राहू दे ती रजई, तिच्यावरच आडवी हो," बाबा म्हणाले. "नाणं टिकलं की तू सुटकेचा श्वास सोडतेस, पोरी. आज चारदाच सोडलास."