जाळी विरघळल्यावर

सासऱ्यांची अन्ननलिका इतकी आवळली होती की पाण्याचा घोटही अडायचा. डॉक्टरांनी आत मॅग्नेशियमची बारीक जाळी बसवली. ही जाळी नलिका उघडी धरेल आणि काम झालं की आपोआप विरघळून जाईल, पण तोवर प्रत्येक घासावर नजर ठेवा, असं त्यांनी सुनेला बजावलं.

तेव्हापासून सून रोज समोर बसून तोंडाचा पट्टा सोडायची. "नीट चावा, बाबा! कुठली गाडी सुटतेय तुमची?"

"तू अशी डोळे वटारून बसलीस की धडधाकट माणसाच्याही घशात अडकेल," सासरे म्हणायचे.

भिंतीपलीकडच्यांनी तिला छळवादी ठरवून टाकलं होतं. ठरवू देत, त्यांना घरबसल्या दुसरं काम काय!

आज डॉक्टर तपासून म्हणाले, "जाळी पार विरघळली. रस्ता मोकळा आहे. आता खुशाल एकटे जेवा."

"सुटले बाई एकदाची!" सून म्हणाली. घरी आल्यावर तिनं उकडलेला बटाटा वाढून दिला आणि ती भांडी घासायला आत गेली.

जरा वेळानं हाक आली, "सूनबाई, अडकलं गं."

ती साबणाच्या हातांनीच धावली. "अख्खी धातूची जाळी पचवलीत आणि माझा बटाटा अडकतो होय? आ करा बघू!"

त्यांनी मुकाट्यानं आ केला. तोंडात काहीच नव्हतं. बटाट्याला अजून बोटही लागलं नव्हतं. समोरची खुर्ची मात्र त्यांनी तिच्यासाठी बाहेर ओढून ठेवली होती.