निवळीची कविता

दळवीबाईंनी तळ्याकाठी चित्र उंच धरलं. पाण्यावर तुरुतुरु पळणारा निवळी किडा त्यांनीच रंगवला होता. खालची कविताही त्यांचीच: ‘पाऊल टाका हळूहळू, पाणी नाही देणार बुडू.’ पहिलीची पोरं एका सुरात म्हणत होती.

कडेलाच पुरुषभर पाणी, म्हणून बाईंनी सगळ्यांना लांब बसवलं होतं. तरी जाई गुपचूप पुढे आली. तिने चपला काढल्या, श्वास रोखला आणि पाण्यावर ठेवायला पाऊल उचललं.

चित्र टाकून बाईंनी तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं.

“बाई, मी हळूच टाकत होते ना,” जाई रडवेली झाली.

तिला घट्ट धरून बाई वळल्या. सगळा वर्ग चपला काढून, ओठांत कविता पुटपुटत, आपापल्या पाळीची वाट बघत रांगेत उभा होता.